सहा हजार चारशे किलोमीटरची जीप

रघुवीरराव मेस्त्री यांनी जीप घ्यायचं ठरवलं ते एका रविवारी दुपारी दीड वाजता, डाळभातावर लिंबू पिळता पिळता. एक वाजून एकोणतीस मिनिटांपर्यंत त्यांच्या मनात जीप नव्हती, मोटार नव्हती, साधी सायकलसुद्धा नव्हती.

झालं असं, की त्यांचा मेहुणा विकास माहीमहून जेवायला आला होता. विकासला गाड्यांमधलं सगळं कळतं असं विकासचं मत होतं, आणि ते त्याने सगळ्या नातेवाइकांत नीट रुजवून ठेवलं होतं. त्याने नुकतीच नवी गाडी घेतली होती आणि जुनी लावायला जागा नव्हती. सोलकढीचा दुसरा पेला संपवून तो सहज म्हणाला, "भावोजी, तुमची ती पार्किंगची जागा रिकामीच असते ना? माझी जुनी आणून लावतो तिथे. तुम्ही काय, थोडीच गाडी घेणार आहात!"

नुसतं 'रिकामी' म्हणाला असता तर रघुवीररावांनी सोडून दिलं असतं. 'थोडीच'ने घात केला. लालबागची त्यांची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा घराबरोबर तळमजल्यावर पार्किंगचा एक पिवळ्या रेघांचा चौकोन मेस्त्रींच्या नावावर आला होता. गेली तीन वर्षं रघुवीरराव दर रविवारी खाली जाऊन तो चौकोन बघून येत. (चौकोन कुठे जाणार होता, हे विचारायचं नाही.)

"जागा रिकामी नाहीये," रघुवीरराव म्हणाले. "माझी गाडी येतेय."

सुभद्राबाईंच्या हातातला डाव भाताच्या पातेल्यावर तसाच थांबला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःच्या मनाने पायातली चप्पलसुद्धा घेतली नव्हती.

"कुठली गाडी?" विकासने विचारलं.

इथे कुणीही अडकला असता. पण त्याच सकाळी मोबाइलवर जुना टेबलफॅन शोधत असताना मधेच एक जाहिरात रघुवीररावांच्या डोळ्यांपुढून सरकली होती. ती नेमकी आठवली.

"जीप," ते म्हणाले. "फोर बाय फोर. आठ वर्षं जुनी, एक मालक. आणि चाललीय किती? फक्त सहा हजार चारशे किलोमीटर."

विकासला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "आठ वर्षांत सहा हजार? मीटर फिरवलाय, भावोजी. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि लालबागला जीप कशाला? डोंगर कुठाय इथे? जाऊ दे, गाडीतलं काय कळतं तुम्हाला?"

"काय कळतं ते पुढच्या रविवारी बघ," रघुवीरराव म्हणाले आणि त्यांनी लिंबू इतक्या जोरात पिळलं, की बी उडून विकासच्या चष्म्यावर बसली.

पाहुणा गेल्यावर सुभद्राबाईंनी समजावून पाहिलं. "अहो, आपल्याला फॅन घ्यायचा होता."

"फॅनही घेऊ."

"तो काहीतरी बोलला म्हणून तुम्ही जीप घेणार?"

"घेणार म्हणजे घेणार. आणि माझी मी पारखून घेणार. कुणाला विचारणार नाही."

आता पारखण्याबद्दल सांगायचं, तर रघुवीरराव परळच्या एका विमा कंपनीत एकतीस वर्षं क्लेम तपासत होते. एखाद्याने पाय मोडला म्हणून कागद पाठवले, की हे आधी विचारणार, "कशावरून?" एक्स-रे दाखवला तर, "हा तुमचाच पाय कशावरून?" घरीसुद्धा सुभद्राबाईंना ताप आला की हे दोन वेळा थर्मामीटर लावत आणि तो दोन्ही वेळा झटकून बघत. अशा माणसाला जुनी गाडी पारखायला असा कितीसा वेळ लागणार?

त्यांनी आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघितले. गाडी खरंच कमी चालली आहे की मीटर मागे नेलाय, हे ओळखायच्या एकोणीस खुणा वहीत उतरवल्या. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ते टॉवरच्या पार्किंगमध्ये लोकांच्या गाड्यांवर सराव करत. सोसायटीच्या वॉचमनने दोनदा त्यांना पायाला धरून दुसऱ्याच्या गाडीखालून ओढून काढलं, तेव्हा "अभ्यास चालू आहे" एवढंच त्यांनी बाणेदारपणे सांगितलं.

(गाडी चालवण्याचं काय, हा प्रश्न विचारायचं कुणालाच सुचलं नाही. लायसन्स होतं. ते रघुवीरराव वेळच्या वेळी रिन्यू करत. शेवटची गाडी त्यांनी भाचीच्या लग्नात चालवली होती, हॉलच्या फाटकापासून हॉलच्या पायरीपर्यंत. पायरी त्यांना दिसली होती, पण जरा उशिरा.)

पुढच्या रविवारी सकाळी नवरा-बायको रे रोडला पोचले. जीप एका लाकडाच्या वखारीत उभी होती, ताडपत्रीखाली. मालक तात्या राऊळ, वय पंच्याहत्तर, राहायचे घोडपदेवला. याच वखारीत त्यांनी जन्मभर मुकादमी केली होती आणि निवृत्त झाले तरी रविवारी सकाळी इथे येऊन बसायचे. त्यांनी ताडपत्री ओढली. खाली हिरवी जीप. इतकी चकचकीत, की सुभद्राबाईंनी तिच्या दारात बघून टिकली सरळ केली.

"चालू करून दाखवू?" तात्यांनी विचारलं.

"हात लावू नका!" रघुवीरराव ओरडले. "आधी थंड इंजिन बघायचं असतं." त्यांनी ताप बघतात तसा बॉनेटवर तळहात ठेवला. मग उलटा हात ठेवला. मग वही काढली.

ब्रेकच्या पेडलवरचं रबर बघितलं. त्यावरच्या रेघा जशाच्या तशा. स्टिअरिंगवर हात फिरवला. कुठे गुळगुळीत नाही. मागच्या सीटवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं. टायरवर तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते शोधायला रघुवीरराव चारी चाकांपुढे एकेकदा गुडघे टेकून बसले. (वखारीतल्या माणसांना वाटलं, पूजा चालली आहे. एकाने चप्पल काढली.) चारी टायर मूळचेच निघाले. रबराला बारीक भेगा होत्या, पण त्या गाडी उभी राहून राहून पडलेल्या. शेवटी ते पाठीवर झोपून गाडीखाली शिरले. गंज नाही, ओरखडा नाही, तेलाचा थेंब नाही. पाच मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा अंगाला सगळा लाकडाचा भुसा चिकटला होता आणि ते रव्यात घोळवलेल्या बोंबलासारखे दिसत होते.

एकोणीसच्या एकोणीस खुणा सांगत होत्या की गाडी खरंच सहा हजार चारशेच चालली आहे. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. पण सगळे कागद बरोबर असले, की रघुवीररावांचा संशय दुप्पट व्हायचा. इतकं बरोबर कधी कुणाचं असतं?

त्यांनी वही मिटली, चष्मा वर सरकवला आणि थंडपणे विचारलं, "मीटर कधी फिरवलात?"

फिरवलात का, असं नाही. कधी.

तात्या खुर्चीतून उठले. उठायला त्यांना वेळ लागला, पण उठले ते पुरते उठले. "काय म्हणालात? मी खोटारडो? या वखारीत चाळीस वर्षं लाकूड मोजलंय मी. इंचाचा फरक कुणी काढला नाही. शब्द मागे घ्या!"

"सिद्ध करा, घेतो."

"ऐका तर मग!" तात्या म्हणाले. "आमचं घर सावंतवाडीच्या पुढे, डोंगरात. शेवटचे चार किलोमीटर रस्ता म्हणून नाहीच, नुसते धोंडे. रिटायर झालो तेव्हा म्हटलं, आता पाय चालत नाहीत, जीप घेऊया. पाच फेऱ्या केल्या. काय चढायची ती! अख्खा गाव बघायला जमायचा. सहाव्या खेपेला जातो तर काय? डांबर! माझ्या अंगणापर्यंत गुळगुळीत डांबर!"

"मग बरंच झालं की," सुभद्राबाई म्हणाल्या.

"काय बरं झालं, बाई? रिक्षा यायला लागली दारापर्यंत. रिक्षा! डांबरावर चालवायला जीप घेतली होती मी? त्या दिवशी परत आणून उभी केली ती केली. सहा फेऱ्यांचे सहा हजार आणि बाकीचे चारशे पंपावर जाऊन येऊन. झाला हिशेब?"

सुभद्राबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. "अहो, मागे घ्या ना," त्या हळूच म्हणाल्या.

"चालवून बघितल्याशिवाय नाही," रघुवीरराव म्हणाले.

"मग चालवा!" तात्यांनी किल्ली त्यांच्या हातावर आपटली. "मी शेजारी बसणार नाही. मला खोटा म्हणणाऱ्याच्या शेजारी मी बसत नाही. न्या लालबागपर्यंत, तुमच्या पार्किंगात मावते का बघा आणि परत आणून उभी करा."

"आणि मी पळवून नेली तर?"

तात्यांनी त्यांना डोक्यावरच्या भुशापासून सँडलच्या बक्कलापर्यंत एकदा नीट बघून घेतलं. "तुम्ही?" ते म्हणाले. "न्या."

सुभद्राबाईंनीही बसायला साफ नकार दिला. "तुम्ही चालवणार म्हटल्यावर मी नाही बसायची. मी जाते चालत, काळाचौकीला भाजी घेत घेत. तुम्ही व्हा पुढे."

एकट्याने, तर एकट्याने. रघुवीरराव उडी मारून चढले. (पहिल्या उडीत नाही.) जीपला दोन दांड्या होत्या. मोठी गिअरची. तिच्या बाजूची छोटी, चारी चाकांना ताकद देणारी. ती 'लो'मध्ये टाकली की गाडी मुंगीच्या चालीने आणि हत्तीच्या बळाने काहीही चढते, असं व्हिडिओत सांगितलं होतं. वखारीच्या कोपऱ्यात पुरुषभर उंचीचा भुशाचा ढीग होता. पडून पडून तो दगडासारखा दबला होता. रघुवीररावांनी दोन्ही हातांनी छोटी दांडी 'लो'मध्ये ढकलली, पहिला गिअर टाकला आणि जीप ढिगावर घातली.

आणि ती चढली. नाक आभाळाकडे, पुढे सगळा भुसाच भुसा, इंजिनाचा घुमणारा आवाज, आणि जीप इंच न घसरता वर गेली, माथ्यावर क्षणभर तोललेली राहिली आणि पलीकडे अलगद उतरली. वखारीतल्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. तात्या रागावलेले होते, तरी त्यांनी टाळी वाजवली आणि मग आठवण होऊन थांबवली. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात रघुवीररावांसाठी कुणी टाळी वाजवली नव्हती, ऑफिसातल्या वाढदिवसाचा केक सोडून. ते त्याच तोऱ्यात फाटकाबाहेर पडले.

डांबरी रस्त्यावर आल्यावर त्यांनी छोटी दांडी परत ओढली. दांडी हलली नाही. दोन हातांनी ओढली. नाही. गाडी थांबवून, एक पाय डॅशबोर्डला लावून ओढली. रघुवीरराव हलले, दांडी नाही. त्यांनी पेडल दाबलं. इंजिन विमानासारखं ओरडलं आणि जीप माणसाच्या चालीने निघाली. मोठ्या दांडीला हात लावावा का, असा एक विचार मनात आला. पण छोटीला हात लावून ही अवस्था झाली होती. मोठीने काय केलं असतं, सांगता येत नाही. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि पहिल्या गिअरमध्येच राहायचं ठरवलं.

"काय झालं?" खिडकीतून आवाज आला. सुभद्राबाई शेजारून चालत होत्या.

"काही नाही. मी हळू चालवतोय."

"तुम्ही व्हा पुढे."

"होतोच आहे."

दोघे एकाच वेगाने घोडपदेवच्या दिशेने निघाले. मागून लाद्या लादलेली एक हातगाडी आली. हातगाडीवाल्याने हॉर्नसारखी शीळ घातली, उजव्या बाजूने पुढे गेला आणि जाता जाता हात दाखवून आभार मानले. मागे टेम्पो, टॅक्स्या, स्कूटर यांची रांग लागली. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत माणसं आली. कुणीतरी विचारलं, "कोणाचं मंडळ?" आणि मूर्ती दिसत नाही म्हटल्यावर दुसऱ्याने सांगितलं, "मागून येत असेल."

एक टॅक्सीवाला उतरून खिडकीशी आला. त्याने आत वाकून दांडीकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, दांडी अडकली का? मागे घ्या जरा, मागे."

रघुवीररावांना वाटलं, हा आपल्याला माघार घ्यायला सांगतोय. "मागे घेणार नाही," ते म्हणाले. "ज्याला घाई असेल त्याने उडत जावं."

टॅक्सीवाल्याने कपाळाला हात लावला आणि तो परत जाऊन बसला.

मग सुभद्राबाईंचा फोन वाजला. तात्या होते. त्यांना वखारीतून एवढंच दिसत होतं की रस्ता तुंबलाय. सुभद्राबाईंनी सांगितलं, "तात्या, ती छोटी दांडी अडकलीय. गाडी पळतच नाहीये." पलीकडून तात्या ओरडले, ते खिडकीपर्यंत ऐकू आलं. "त्यांना म्हणावं, मागे घ्या! मागे घेतल्याशिवाय सुटका नाही!"

"अहो, ते म्हणताहेत, मागे घ्या."

"अजून तेच?" रघुवीरराव लाल झाले. "अशी अडकणारी गाडी गळ्यात मारतात आणि वर शब्द मागे घ्या म्हणतात? सांग त्यांना, एक अक्षर मागे घेणार नाही!"

सुभद्राबाईंनी सांगितलं. तात्या म्हणाले, "बाई, हा माणूस काय आहे?" आणि फोन बंद झाला.

काळाचौकीच्या अलीकडे सुभद्राबाई भाजी घ्यायला थांबल्या. कोथिंबीर घेतली, वांगी निवडली, मिरच्यांवरून भाजीवालीशी भांडल्या, जिंकल्या आणि वळून बघितलं तर जीप चार पावलं पुढे. त्यांनी पिशवी खिडकीतून आत सीटवर ठेवली आणि पुन्हा शेजारून चालायला लागल्या.

"बरं वाटतंय," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या.

"काय बरं वाटतंय?" रघुवीररावांच्या कपाळावरून घामाची धार वाहत होती.

"अठ्ठावीस वर्षांत आपण असे बरोबरीने चाललो नाही. तुम्ही कायम दहा पावलं पुढे. लग्नानंतर राणीच्या बागेत गेलो होतो, तेव्हाही मी तुमच्या पाठीमागेच धावत होते. हत्ती बघायचा राहिला माझा."

"मग सांगायचं नाही?"

"सांगायला आधी गाठायला नको?"

बाजूने एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवत पुढे गेले.

"गाडीला माझी ना नव्हतीच," सुभद्राबाई म्हणाल्या. "विकासला दाखवायला घेत असाल तर मात्र नको. मला गावाला न्यायला घेत असाल तर घ्या. खिडकीशी मी बसणार. आणि वाटेत मला वाटेल तिथे थांबायचं."

"थांबू," रघुवीरराव म्हणाले. "वाटेल तिथे थांबू."

काळाचौकीच्या नाक्यावर वाहतूक हवालदाराने हात केला. "काका, गाडी बंद पडली का?"

"चालू आहे."

"मग हलवा ना."

"हलतेच आहे. नीट बघा."

हवालदार कमरेत वाकला. त्याने पुढच्या चाकाकडे एकटक बघितलं. चाक खरोखरच फिरत होतं, घड्याळाच्या काट्यासारखं. "हं," तो म्हणाला. "असं करा, थोडी मागे घ्या. ती बस अडकलीय, ती काढतो."

आज सकाळपासून ज्याला त्याला यांनी मागे घ्यायला हवं होतं. रघुवीररावांनी मान ताठ केली. "साहेब, मी नियमाने डाव्या बाजूने चाललोय. मी मागे घेत नाही."

हवालदाराने सुभद्राबाईंकडे बघितलं. सुभद्राबाईंनी 'आमच्याकडे असंच आहे' अशा अर्थाने डोळे मिटले. बस दुसऱ्या बाजूने काढण्यात आली.

रे रोड सोडल्यापासून सव्वा तासाने जीप लालबागच्या टॉवरमध्ये शिरली. पिवळ्या चौकोनाशेजारी विकास उभा होता. तो आपली जुनी गाडी घेऊनच आला होता, भावोजींचं काही जमणार नाही याची खात्री असल्यासारखा.

"हटव ती," रघुवीरराव जीपमधून म्हणाले. विकासने निमूट हटवली.

चौकोनाच्या दोन्ही बाजूंना खांब होते. पुढून जीप शिरेना. वॉचमन म्हणाला, "साहेब, इथे रिव्हर्सच लावावी लागते. सगळे तशीच लावतात." आता पार्किंगच्या बाबतीत माघारीचा प्रश्न नव्हता, तो सोसायटीचा नियम होता. रघुवीररावांनी देवाचं नाव घेऊन मोठी दांडी रिव्हर्समध्ये टाकली आणि जीप सरळ मागे घेतली. पाच फूट गेली असेल नसेल, खालून 'टक्' आवाज झाला. छोटी दांडी आपल्या आपण सैल पडली, लोण्यातल्या सुरीसारखी.



"भावोजी," विकास म्हणाला, "फोर बाय फोर डांबरावर चालवली की दांडी आवळून बसते. थोडी मागे घेतली की सुटते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," सुभद्राबाई म्हणाल्या. "चौघांनी."

रघुवीरराव खाली उतरले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि तात्यांना लावला. "तात्या," ते म्हणाले, "मागे घेतली."

"गाडी?"

"गाडी घेतली. शब्दही घेतला. तुमचा मीटर खरा आहे."

पलीकडे तात्यांनी नाक शिंकरलं. मग म्हणाले, "डांबरावर फार फिरवू नका तिला. तिला आवडत नाही."

विकासने इतक्यात बॉनेट उघडलं होतं. तो चूक शोधत होता. त्याने वास घेतला, तेल बघितलं, पाइप चाचपले, गाडीखाली वाकला, पण चूक काही सापडेना. शेवटी म्हणाला, "भावोजी, या उन्हात, पहिल्या गिअरमध्ये, सव्वा तास. दुसरी कुठलीही गाडी उकळून रस्त्यातच बसली असती. हिचा टेंपरेचरचा काटा अर्ध्यावर. क्लचचा वास नाही, गळती नाही. अशी टेस्ट कुणी घेतच नाही हो. गाडी एक नंबर आहे. डोळे मिटून घ्या."

रघुवीररावांची छाती फुगली. टॉवर बांधल्यापासून पार्किंगमध्ये एवढी मोठी छाती कुणी पाहिली नव्हती.

"फक्त एक सांगा," विकास म्हणाला. "दुसरा गिअर का नाही टाकला? 'लो'मध्येही पाच गिअर असतात. वीसच्या स्पीडने आरामात आला असतात."

रघुवीरराव लिफ्टकडे चालू लागले. सुभद्राबाई मागून येताहेत हे आठवून ते मधेच थांबले आणि त्यांनी त्यांना बरोबर घेतलं.

जीप घेतली. कागद नावावर व्हायच्या आधीच एके दिवशी सकाळी तात्यांचा फोन आला. आवाजात भयंकर अपमान होता. "मेस्त्री, माझ्या मोबाइलवर चलान आलंय. आठ वर्षांत एक नाही. तुम्ही एका रविवारात आणलंत. पाठवतो, बघा."

रघुवीररावांना, खरं सांगायचं तर, आतून गुदगुल्या झाल्या. त्यांनी चष्मा लावला. सिग्नल तोडला असेल. लेन कापली असेल. कुणी सांगावं, भरधाव वेगसुद्धा असेल; विकासला पाठवता येईल. त्यांनी मेसेज उघडला. काळाचौकीचा नाका. फोटोत ते स्वतः होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ, नजर समोर. खाली गुन्हा लिहिला होता: नो पार्किंग.

"पार्किंग?" ते इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्यांनी दार उघडलं. "मी चालवत होतो! हे मी सोडणार नाही. अपील करणार! वर, त्याच्याही वर जाईन!"

त्यांनी भिंग आणलं. फोटो दोन होते, अर्ध्या मिनिटाच्या अंतराने काढलेले. एकतीस वर्षांच्या अनुभवाने त्यांनी ते शेजारी शेजारी ठेवून तपासले आणि विजयाने टेबलावर थाप मारली. "सुभद्रा, इकडे ये! बघ, पहिल्या फोटोत पुढचं चाक गटाराच्या झाकणामागे आहे आणि दुसऱ्यात झाकणावर! गाडी पुढे गेलीय! आहे की नाही चालू?"

सुभद्राबाईंनी भिंग घेतलं. पहिला फोटो बघितला, दुसरा बघितला, परत पहिला बघितला.

"चालू आहे खरी," त्या म्हणाल्या. "पण अहो, ही काठीवाली आजी बघा. पहिल्या फोटोत ती तुमच्या मागच्या चाकापाशी आहे."

"मग?"

"दुसऱ्यात ती बॉनेटच्या पुढे पोचलीय. आणि वळून तुमच्याकडे बघतेय."

रघुवीररावांनी त्याच दुपारी चलान भरून टाकलं. (अपिलाला दोन्ही फोटो जोडावे लागतात.)